कागदावर उत्पन्न एवढंसं, मग लेकीची पोटगी वाढवून कशी घ्यायची?

सावली८७:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. २०१९ ला आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला, पुण्याच्या फॅमिली कोर्टात. लेक तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. संमतीच्या अटींमध्ये तिच्यासाठी दरमहा ४,००० ठरले. माझी नोकरी होती, मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. आता ती चौथीत आहे. शाळेची फी वेगळी, स्कूल व्हॅन वेगळी, मी ऑफिसातून येईपर्यंत तिला सांभाळणाऱ्या मावशी वेगळ्या, त्यात गेल्या वर्षी चष्मा लागला. ४,००० मध्ये व्हॅन आणि मावशींचे पैसेसुद्धा निघत नाहीत. म्हणून रक्कम वाढवून मिळावी असा अर्ज केलाय.

तर आता समोरून त्याचं शपथपत्र आलंय. माणूस कराडकडचा, एक टिपर आणि एक जेसीबी, रस्त्यांची आणि शेततळ्यांची कामं घेतो, शिवाय घरचा ऊस. आणि शपथपत्रात वार्षिक उत्पन्न किती, तर ३,३६,०००. म्हणजे महिन्याला २८,०००. शेतीपुढे निरंक. इतर वाहनं निरंक. जेसीबी म्हणे भावाचा आहे. तीन वर्षांची आयटी रिटर्न्स जोडलीत आणि तिन्हीत आकडा तोच, ३,३६,०००, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. त्यांचे वकील म्हणतात सरकारी कागद आहे, याच्यावर तुम्ही काय बोलणार. माझ्या वकीलबाई चांगल्या आहेत पण त्यांच्याकडे खूप केसेस, त्या म्हणाल्या तुम्ही माहिती काढून आणा मग मी अर्ज करते. माहिती काढायची म्हणजे नेमकी कुठून काढायची? कोणी यातून गेलं असेल तर सांगा. मला त्याला त्रास द्यायचा नाहीये. लेकीचा खर्च दोघांनी उचलावा एवढंच.

निवडुंग:
ताई काळजी करू नका, पगाराच्या २५ टक्के मिळतातच असा सुप्रीम कोर्टाचा नियम आहे.

रानजाई:
माझ्या बहिणीच्या केसमध्ये अगदी हेच. नोटीस गेली आणि दोन महिन्यांत नवऱ्याने नोकरी सोडली, मग म्हणे मी बेरोजगार. एमबीए झालेला माणूस. जज मॅडमनी सरळ विचारलं, शिक्षण आहे, अनुभव आहे, हातपाय धड आहेत, मग मुलाला जेवायला कोण घालणार? त्याच्या जुन्या सॅलरी स्लिपा धरूनच अंतरिम पोटगी लावली. त्यामुळे सावली, धीर सोडू नकोस, कोर्टाला हे प्रकार रोज दिसतात.

काळाकोट:
वीस वर्षं फॅमिली कोर्टात काम करतेय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी निवडुंग यांचं. २५ टक्क्यांचा असा नियम नाही. १९७० च्या आणि नंतर २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने पत्नीच्या पोटगीबद्दल निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम रास्त धरता येईल असं म्हटलंय, पण ते त्या त्या प्रकरणापुरतं. मुलांच्या पोटगीला आपल्याकडे कुठलंही ठरलेलं गणित नाही. मुलाच्या गरजा, दोघांची ऐपत, आधीचं राहणीमान हे सगळं बघून रक्कम ठरते. म्हणूनच समोरचा उत्पन्न कमी दाखवतो आणि म्हणूनच आपल्याला ते उघडं पाडायला जागाही असते.

सावली, तुम्ही ज्याला शपथपत्र म्हणताय ते मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र. ४ नोव्हेंबर २०२० ला रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या पोटगीच्या केसेससाठी हे सक्तीचं केलं, दोन्ही बाजूंना. दोन्ही बाजूंना हे परत लिहिते, कारण तुमचंही तितकंच खरं आणि पूर्ण हवं, तुमच्या पगारासकट. तुम्ही कमावत्या आहात म्हणून मुलीची पोटगी बंद होत नाही, फक्त खर्च दोघांत ऐपतीच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. त्याच निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलंय, तेव्हा तुमच्या अर्जात ती मागणी स्पष्ट लिहिलीय का ते बघून घ्या.

दुसरं, संमतीच्या अटींमध्ये ४,००० ठरले म्हणून आता वाढ मागता येत नाही असं समोरचे म्हणतील. तसं नाही. मुलीचा हक्क मुलीचा आहे, आईने सही करून तो संपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही मुलांच्या खर्चाबद्दल कोर्ट वेळोवेळी नवीन आदेश करू शकतं. अडीच वर्षांच्या बाळाचा खर्च आणि चौथीतल्या मुलीचा खर्च एक कसा असेल, हे कोर्टाला समजावावं लागत नाही.

ताळेबंद:
सावलीताई, मी सीए आहे, सांगलीला असतो. तो ३,३६,००० चा आकडा वाचून थांबलो. एक सांगा, टिपर दहा चाकी आहे का? आणि आरसीवर ग्रॉस वेट २८,००० किलो लिहिलंय का?

सावली८७:
हो दादा, दहा चाकीच आहे. आरसीची झेरॉक्स त्यानेच जोडलीय, कर्ज दाखवायला. थांबा बघते... जीव्हीडब्ल्यू २८०००. तुम्हाला कसं कळलं?

ताळेबंद:
गणितावरून. नीट वाचा, हे तुमच्या वकीलबाईंनाही दाखवा.

इन्कम टॅक्समध्ये मालवाहतुकीच्या धंद्यासाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, १९६१ च्या कायद्यातलं ४४ एई कलम. दहापर्यंत गाड्या असतील तर वह्या ठेवायची गरज नाही. १२ टनांच्या वरची गाडी असेल तर दर टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न झालं असं धरायचं आणि त्यावर टॅक्स भरून मोकळं व्हायचं. आता करा हिशोब. २८ टन गुणिले १,००० म्हणजे महिन्याला २८,०००. गुणिले १२ म्हणजे ३,३६,०००.

म्हणजे तो आकडा त्याच्या कमाईचा नाहीच, टिपरच्या वजनाचा आहे. गाडी वर्षभर उभी राहिली तरी ३,३६,००० आणि रात्रंदिवस खडी वाहिली तरी ३,३६,०००. म्हणूनच तीन वर्षं एका रुपयाचा फरक नाही. यात त्याने टॅक्सच्या बाबतीत काही चोरी केलीय असं मी म्हणत नाही, कायद्याने दिलेली सोय आहे आणि माझे कितीतरी क्लायंट वापरतात. पण टॅक्ससाठी मानलेला आकडा पोटगीच्या कोर्टात खरी कमाई म्हणून ठेवणं चूक आहे आणि ते तिथे ठामपणे सांगायलाच हवं.

तसंच छोट्या दुकानदारांचं, कंत्राटदारांचं ४४ एडी असतं. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरतात. ५० लाखांची सगळी उलाढाल बँकेतून झाली तर रिटर्नवर ३ लाख दिसतात. कुणाच्या हातात खरंच तेवढेच उरतात, कुणाच्या हातात १२ लाख उरतात. रिटर्न बघून ते कळतच नाही. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही समोरच्याचं रिटर्न आयटीआर ४ आहे का ते आधी बघा. त्या फॉर्मवर बहुतेक वेळा असा मानलेलाच आकडा असतो.

आता दुसरी गोष्ट. ४४ एई फक्त मालवाहू गाड्यांना लागू. जेसीबी त्यात बसत नाही. रिटर्नमध्ये फक्त टिपरचा आकडा असेल तर जेसीबीचं भाडं त्या रिटर्नमध्ये कुठेच नाही. शपथपत्रात टिपरचा हप्ता किती लिहिलाय?

सावली८७:
दरमहा ४६,०००. देण्यांच्या रकान्यात, मोठ्या अक्षरात. माझ्यावर केवढा बोजा आहे बघा म्हणून.

रानजाई:
२८,००० कमावतो आणि ४६,००० हप्ता भरतो???

काळाकोट:
सावली, हा तुमच्या केसचा कणा आहे. त्यानेच शपथेवर लिहिलेलं आहे, तुम्हाला काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही. उलटतपासात पहिला प्रश्न हाच, की हप्ता थकलाय का? थकला नसेल तर वरचे १८,००० येतात कुठून, आणि घर कशावर चालतं, डिझेल कशाने भरतं, ड्रायव्हरला पगार कोण देतं. एखादी गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक असेल तर ती सांगायची जबाबदारी त्याची, पुराव्याच्या कायद्यात तसं कलमच आहे, जुन्यात १०६ आणि नव्या साक्ष अधिनियमात १०९. तो सांगणार नाही तर कोर्ट त्याच्या विरुद्ध अनुमान काढू शकतं आणि राहणीमानावरून, खर्चावरून अंदाजाने उत्पन्न धरू शकतं.

माझा अनुभव सांगते, येणारा पैसा माणूस लपवतो, जाणारा पैसा लपवायला त्याला सुचत नाही. तुम्ही त्याची कमाई शोधत बसू नका. तो खर्च कुठे करतो ते कागदावर आणा.

ताळेबंद:
आणि हप्त्याबद्दल ते म्हणतील की तो धंद्याचा खर्च आहे, धरू नका. तर त्याचं उत्तर ऐकून ठेवा. ४४ एई मध्ये डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती, घसारा सगळा खर्च आधीच वजा झाला असं धरून तो आकडा काढलेला असतो. मुद्दल तर खर्च म्हणून कधीच वजा होत नाही. मग ४६,००० त्या २८,००० मधूनच गेले पाहिजेत. जात असतील तर आकडा खोटा.

वकीलबाईंना दोन कागद कोर्टामार्फत मागायला सांगा, फॉर्म २६ एएस (पॅनवर कापलेल्या टॅक्सचा तक्ता) आणि एआयएस (वर्षभरातल्या व्यवहारांची माहिती). इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर त्याच्या लॉगिनमध्ये असतात, रिटर्नपेक्षा खूप जास्त बोलतात. जेसीबी मोठ्या कंत्राटदाराकडे भाड्याने लावला असेल तर मशिनरीच्या भाड्यावर २ टक्के टीडीएस कापतात आणि ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६ एएसमध्ये तो दिसतो. एआयएसमध्ये तर बँकेचं व्याज, मोठ्या रकमेच्या रोख ठेवी, म्युच्युअल फंड हेही येतं.

कृष्णाकाठ:
मी त्याच भागातला, उसाचं मी सांगतो. वहिनी, गावाचं नाव आणि गट नंबर माहीत असेल तर महाभूमीच्या साईटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात, घरबसल्या मिळतो. तीन ठिकाणी बघा. भोगवटादार म्हणून त्याचं नाव आहे का, सामाईक असलं तरी चालेल. खाली नमुना बारात पीक कुठलं लावलंय, आता ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच मोबाईलवरून ऊस नोंदवतो त्यामुळे नाही म्हणायला जागा नाही. आणि इतर हक्कात बोजा आहे का. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं असेल तर तिथे रकमेसकट लिहिलेलं असतं आणि कर्ज काढताना माणूस उत्पन्न कमी सांगत नाही, चार रुपये चढवूनच सांगतो.

उसाचं बिल कारखाना रोखीने देत नाही, सभासदाच्या बँक खात्यावर जमा होतं. किती टन ऊस गेला, कुठल्या तारखेला गेला, सगळी नोंद कारखान्याच्या शेती विभागात असते. शेतीपुढे निरंक लिहिलंय ना, मग सातबारा आणि तोडणीची नोंद समोर ठेवली की झालं.

फेरफार पण काढा. आमच्या ओळखीत एकाने नोटीस मिळाल्यावर महिनाभरात आपला हिस्सा भावाला हक्कसोड करून दिला. फेरफारावर तारीख असते.

काळाकोट:
कृष्णाकाठ, फार उपयोगी लिहिलंत. त्यात एक भर. सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावावरची मिळकत ही त्याची कमाई म्हणून कोर्ट धरत नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे सातबारे गोळा करून फाईल फुगवू नका. त्याचं नाव असलेला हिस्सा आणि अर्जानंतर त्याने हस्तांतरित केलेलं, एवढंच. जेसीबीचंही तसंच. त्याची आरटीओला नोंदणी असते. आधी कोणाच्या नावावर होता, भावाच्या नावावर कधी झाला, विमा कोण भरतं, हे कोर्टातून आरटीओ आणि विमा कंपनीकडून मागवता येतं. नाव बदलल्याची तारीख तुमच्या अर्जानंतरची निघाली तर बाकी काही बोलावं लागणार नाही.

निवडुंग:
मग माहिती अधिकारात इन्कम टॅक्सकडे सरळ अर्ज टाकला तर? सोपं पडेल.

काळाकोट:
रिटर्न ही खाजगी माहिती आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलंय, त्यामुळे बहुतेक वेळा नकार येतो आणि अपिलात वर्ष जातं. समोरचा सरकारी नोकर असेल तर गोष्ट निराळी, त्याच्या पगाराची माहिती पोटगी मागणाऱ्या बायकोला देण्याच्या बाजूने मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०१८ चा निकाल आहे. सावलीच्या केसमध्ये कोर्टामार्फत कागद हजर करून घेणं हाच जवळचा रस्ता. आणि कोणी त्याच्या ईमेलात, बँकेच्या लॉगिनमध्ये शिरून कागद काढायचा सल्ला दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे, उलट केस तुमच्यावर यायची.

लेकीचाबाप:
मी दुसऱ्या बाजूचा आहे. दर महिन्याला पोटगी भरतो आणि मुलीला भेटतोही. सगळेच बाप लपवतात असं नाही हो. माझा फोटो स्टुडिओ कोविडमध्ये खरंच बंद पडला, लग्नंच नव्हती, तेव्हा माझं उत्पन्न कमी होतं ते खोटं नव्हतं. मला वकिलांनी सांगितलं होतं की पैसे थांबवू नका, जेवढे जमतील तेवढे बँकेतून पाठवा आणि रक्कम कमी करून मिळावी म्हणून अर्ज करा. तसंच केलं. कोर्टाने काही काळासाठी कमी केली, नंतर पुन्हा पूर्ववत झाली. ज्यांचं खरंच खालावलंय त्यांनी स्टेटमेंट, जीएसटी, दुकानाचं लाईट बिल सगळं उघडं करून ठेवावं. सावलीताई, तुमच्या केसमध्ये तो ४६,००० चा हप्ता बघितल्यावर मला तुमचंच बरोबर वाटतंय. तुमच्या लेकीला तिच्या हक्काचं मिळो, मनापासून म्हणतो.

सावली८७:
दादा, बरं वाटलं वाचून. तो लेकीला वर्षातून एकदा गणपतीत भेटतो. तेवढं तरी टिकावं म्हणून मी फार ताणत नव्हते.

काळाकोट:
भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे मागितले म्हणून तो भेट बंद करू शकत नाही आणि पैसे दिले नाहीत म्हणून आपण भेट अडवायची नाही. मुलीच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका.

टेम्सकाठी:
इकडे इंग्लंडमधलं सांगते, तुलनेसाठी. इथे कोर्टात न जाता चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाचं सरकारी खातं रक्कम ठरवतं. बापाचं किंवा आईचं उत्पन्न ते थेट टॅक्स खात्याकडून घेतात आणि ठरलेले टक्के लावतात, आठवड्याला ८०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर एका मुलाला १२, दोघांना १६, तीन किंवा जास्त असतील तर १९ टक्के. ऐकायला छान आहे, पण इथेही रडगाणं तेच. स्वतःची कंपनी असलेला माणूस पगार नावाला घेतो आणि बाकीचा पैसा डिव्हिडंडमधून काढतो. मग आईला वेगळा अर्ज करून तो मोजायला लावावा लागतो. माझी गुजराती मैत्रीण सध्या त्यातच आहे. फॉर्म्युला असला तरी कागदावरच्या आकड्याच्या मागे जावंच लागतं.

गुलबकावली:
माझं थोडं वेगळं आहे. रक्कम ठरलीय पण तो देतच नाही. कलम १२५ ची ऑर्डर आहे. दोन वर्षांचे थकलेत. काय करू?

काळाकोट:
गुलबकावली, तुम्ही आजच हालचाल करा. १२५ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यात वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्षाच्या आतल्या हप्त्यांसाठी लगेच अर्ज लावा, मागच्यांसाठी काय करता येईल ते वकिलांकडून तपासून घ्या, आणि इथून पुढे वर्ष उलटू देऊ नका. पुष्कळ बायका दया येऊन किंवा कंटाळून थांबतात आणि पैसे बुडतात, फार वाईट वाटतं बघून. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही.

सावलीचा हुकूमनामा विवाह कायद्याखालचा आहे, त्याची वसुली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून होते आणि तिथे मुदत बारा वर्षांची. कुठल्या कलमाखालची ऑर्डर आहे ते प्रत्येकीने आपल्या कागदावर बघून ठेवा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१०० वर करा.

सावली८७:
मी यादी करून वकीलबाईंना पाठवली. टिपरच्या वजनाचं गणित त्यांना फोनवर सांगितलं तर त्या दोन मिनिटं गप्पच झाल्या आणि मग म्हणाल्या लिहून द्या मला. सातबारा काढला. ०.८१ हेक्टर, सामाईक, त्याचं नाव आहे, पीक ऊस आणि इतर हक्कात सोसायटीचा बोजा. अजून एक विचारायचंय, जेसीबीसोबतचे त्याचे स्टेटसचे फोटो माझ्याकडे आहेत, दसऱ्याला हार घालून, खाली स्वतःच्या नावाने जय मल्हार अर्थमूव्हर्स. त्याचे स्क्रीनशॉट चालतील का? आणि लेकीच्या खर्चाच्या सगळ्या पावत्या नाहीयेत, मावशींना रोखच देते.

काळाकोट:
स्क्रीनशॉट चालतात पण सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, नाहीतर समोरचे हरकत घेतात. ज्या मोबाईलवर आहेत तो मोबाईल बदलू नका, विकू नका. मावशींना पुढच्या महिन्यापासून यूपीआयने द्या, आणि मागच्या काळासाठी त्यांच्याकडून साधं लेखी घ्या. खर्चाचा तक्ता वाढवून चढवून लिहू नका, आहे तोच लिहा, त्यात भाजीपाला, कपडे, आजारपण, घरभाड्यातला तिचा वाटा हेही येतं, बायका हे लिहायलाच विसरतात. खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईची मागणीही करता येते, पण ते आत्ता नको, आधी अंतरिम आदेश पदरात पाडून घ्या.

ताळेबंद:
ताई, आणखी एक. तो अर्थमूव्हर्स नावाने धंदा करतो म्हणालात ना, जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधता येतं, लॉगिन लागत नाही. पॅन त्याच्या रिटर्नवर आहेच. नोंदणी निघाली तर ट्रेड नेम काय आणि कुठल्या तारखेपासून ते दिसेल, तिथे ते अर्थमूव्हर्सचं नाव त्याच्याच पॅनवर निघालं तर भावाचा जेसीबी ही गोष्ट टिकणार नाही. बघून इथे लिहा, मग २६ एएसच्या अर्जात नेमकं काय मागायचं त्याचा मसुदा मी करून देतो, वकीलबाईंनी फक्त तपासून घ्यावा.

सावली८७:
बघितलं दादा. त्याच्याच पॅनवर आहे. नाव तेच आणि नोंदणी २०२१ ची. स्क्रीन प्रिंट काढून ठेवलीय, तारीखवेळेसकट. मसुदा प्लीज पाठवा, पुढची तारीख २२ ला आहे.